तीनदा पुकारलेलं नाव

परळ,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय सुरुची,

परळहून करी रोडला चालत वीस मिनिटं लागतात आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवते आहे. हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. दारात आले तर तुझी आई पाट पुसून बसायला देईल, चहा विचारेल, आणि तू आतल्या खोलीतून बाहेर येणार नाहीस. तो चहा माझ्या घशाखाली उतरणार नाही. म्हणून पत्र.

कामाचं आधी लिहिते. २३ फेब्रुवारीच्या रविवारी आपल्या देवळात यतीनच्या स्मरणाची उपासना ठेवली आहे. (चर्चला आम्ही देऊळ म्हणतो याचं तुझ्या आईला लग्नात केवढं नवल वाटलं होतं!) आदल्या दिवशी त्याला जाऊन तीन वर्षं होतील. शिवडीला कबरीवर दगड बसवून झाला आहे, उपासनेनंतर सगळे तिकडे जाऊ. तू आणि जुईने यावं. पुढच्या बाकावर तुमची जागा राखून ठेवते.

उपदेश मीच करणार आहे. विषय, माणसांच्या तोंडाला भिऊ नका. तुला आठवत असेल, यतीन गेला त्याच्या दोनच दिवस आधी मी ह्याच विषयावर बोलले होते. पाळकसाहेब म्हणाले, "बेबीताई, तोच उपदेश पुन्हा द्या, लोक अजून आठवण काढतात." काढणारच. चाळीस वर्षं वर्गात आणि तीस वर्षं देवळाच्या पुलपिटावर घसा फोडलाय मी. ज्यांनी मुलींसाठी पहिल्या शाळा काढल्या त्यांच्या अंगावर लोकांनी शेण टाकलं, म्हणून त्या थांबल्या का? ज्याच्या नावाने आपण ओळखले जातो त्या ख्रिस्ताला गावाने खादाड म्हटलं, दारुड्यांचा दोस्त म्हटलं. तो थांबला का? हे मी गर्जून सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पेंगणारी माणसंही ताठ बसतात.

तेव्हा ये. लोक विचारतात, सून का येत नाही, नात का दिसत नाही. मी सांगते, नोकरी, शाळा, वेळ होत नाही. तू घर सोडून गेलीस त्याबद्दल मी देवळाच्या मंडळीत कधी एक शब्द काढलेला नाही. कुणी काही बोललं तरी मी गप्प राहिले. एवढं तरी लक्षात घे.

जुईला आजीचा गोड मुका.

तुझी,
मम्मी


परळ,
गुरुवार, ३० जानेवारी

सुरुची,

तुझं उत्तर आलं. मुलांना मी शाळेत सांगायचे, कमी शब्दांत लिहा. ते तुला जमलं, मला जन्मात जमलं नाही. तुझ्या ओळी मी इतक्यांदा वाचल्या की त्या आता माझ्याच अक्षरात उतरवून काढते.

"मम्मी, सुंदराबाईंचा नातू नील जुईच्या वर्गात आहे. मधल्या सुट्टीत तो तिला म्हणाला, तुझ्या आईने तुझ्या बाबाला मारलं, माझी आजी म्हणते. आठवडा झाला, ती माझ्याजवळ झोपत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मी काय सांगू? खरं सांगितलं तर तुम्ही तीन वर्षं सगळ्यांना सांगितलेलं खोटं पडतं. तुम्हीच सांगा काय सांगू."

पत्र वाचून मी पायात चपला सरकवल्या आणि तडक निघाले. सुंदराबाईंच्या दारात उभी राहून त्यांना चार शब्द सुनावणार होते. ते शब्दही तयार होते, माझे नेहमीच असतात. पहिल्या मजल्यावर आले आणि जिन्याचा कठडा धरून थांबले. काय विचारणार होते मी त्यांना? हे तुम्हाला कुणी सांगितलं, असंच ना? आणि त्या म्हणाल्या असत्या, "तुम्हीच की, बेबीताई."

त्यांचं खरं होतं. त्या मंगळवारी दुपारी यतीनला घरी आणलं तेव्हा पहिल्या आल्या त्या सुंदराबाई. माझे हात हातात घेतले आणि विचारलं, "कसं हो झालं?"

मी म्हटलं, "हार्ट. झोपेतच."

"अगोबाई! काही त्रास होता का?"

"कालपासून छातीत दुखतंय म्हणत होता."

हे दुसरं वाक्य मी कुठून आणलं ते देव जाणे. खोटं एकट्याने उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो, तो मी दिला. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आणि सुरुची कुठे होती?"

"माहेरी. करी रोडला."

हे मात्र खरं होतं. त्या अख्ख्या बोलण्यात तेवढंच खरं होतं आणि तेवढ्यानेच तुझा गळा कापला गेला. नवऱ्याच्या छातीत दुखतंय आणि बायको माहेरी जाऊन बसली! मी मराठीची मास्तरीण. एका वाक्याच्या पोटातून पुढचं वाक्य कसं निघतं हे मला कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

मग तू आलीस. केस सुटलेले, जुई कडेवर, सहा वर्षांची घोडी कडेवर. मी तुला स्वयंपाकघरात ओढलं. आठवतं का, मी तुला रडूसुद्धा दिलं नाही. म्हटलं, "बाहेर हार्ट सांगितलंय. तूही तेच सांग. त्याची शवपेटी देवळात जाऊ दे." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग मान हलवलीस.

मी सात वर्षांची असताना नगरला आमच्या मंडळीतल्या एका बाईने जीव दिला. तिची पेटी देवळाच्या फाटकातून परत नेली. घंटा वाजवली नाही. तिची मुलं फाटकाला धरून उभी होती आणि बायका पदराआडून कुजबुजत होत्या. साठ वर्षं ती कुजबुज माझ्या कानात होती. यतीनने स्वतःचा जीव घेतला हे मला कळलं त्या क्षणी, देव मला क्षमा करो, मी त्याच्यासाठी रडायच्या आधी तीच कुजबुज ऐकली.

आज पहिल्यांदा हे वाक्य कागदावर लिहिलं. यतीनने स्वतःचा जीव घेतला. शाई तीच आहे, हात तोच आहे, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

जुईला काय सांगायचं ते मला अजून कळत नाही. थोडा वेळ दे.

मम्मी


परळ,
शनिवार, ८ फेब्रुवारी

सुरुची,

काल पाळकसाहेबांकडे गेले होते. हेमचंद्र माणूस चांगला आहे, वयाने यतीनएवढाच. मी बसलेही नाही.

"साहेब, २३ तारखेला मी खरं सांगणार आहे."

"कसलं खरं, ताई?"

मी सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले, चष्मा काढून पुसू लागले.

"ताई, तीन वर्षं झाली. लोक विसरले."

"लोक विसरले असते तर ते चौथीतल्या पोराच्या तोंडी कसं आलं?"

"मग आपण सुरुचीताईंकडे जाऊ. मी येतो तुमच्याबरोबर. माफी मागा, प्रार्थना करू. एवढं पुरे आहे."

"चारचौघांत पेरलेलं चार भिंतींत कसं उपटू, साहेब?"

"आणि यतीनचं काय? त्याच्या अब्रूचं? तो आता बोलायला नाही."

मी उलट त्यांनाच विचारलं, "त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही पेटी आत घेतली असती का?"

"घेतली असती," ते म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "बहुतेक."

मला त्या माणसाचा राग आला नाही. तो 'बहुतेक' मला ओळखीचा आहे. मी त्यातच राहते.

पण त्यांचा प्रश्न घरापर्यंत माझ्या मागे आला. यतीन माझा मुलगा होता, तसा तुझा नवरा होता, जुईचा बाप होता. त्याच्याबद्दल शंभर माणसांसमोर काय बोलायचं हे एकटीने ठरवायचा अधिकार मला नाही. असा अधिकार मी एकदा घेतला आणि काय झालं ते तुझ्यासमोर आहे. म्हणून विचारते. तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही, उपदेशही करणार नाही, आजारी पडल्याचा निरोप पाठवीन. (बघ, अजूनही खोटंच पहिलं सुचतं.)

आणखी एक. पहिल्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की कुणी काही बोललं तरी मी गप्प राहिले. ते वाचून तुला काय वाटलं असेल? स्त्रीमंडळाच्या बैठकीत सुंदराबाई माझ्यासमोर म्हणाल्या, "परक्या घरची पोर, तिला कशाला आपल्या माणसाची काळजी?" कुणी म्हणालं, "मंगळवारचे उपास करत होती म्हणे, नवरा उपाशीच ठेवला असेल." हशा झाला. मी सुईत दोरा ओवत होते. दोरा ओवला, टाका घातला. तू तेव्हा दोन बायकांच्या पलीकडे बसली होतीस. त्यानंतरच्या रविवारी तू आली नाहीस, आणि महिन्याभरात जुईचे कपडे पिशवीत भरून गेलीस.

तू एका वाक्यात मला उघडी पाडू शकली असतीस. का नाही पाडलंस? तीन वर्षं तू माझं खोटं पाठीवर घेऊन फिरलीस आणि मी तुला मंडळीत एक शब्द काढला नाही म्हणून मोठेपणा सांगते.

उत्तर दे. एका ओळीचंही चालेल.

मम्मी


परळ,
सोमवार, १७ फेब्रुवारी

सुरुची,

तुझी ओळ मिळाली. "सांगा. पण डॉक्टरचंही सांगा. अर्धं सांगणार असाल तर काहीच नको."

हे तू विसरली असशील अशी मला आशा होती. एवढंच काय, मी स्वतः विसरले असेन अशीही आशा होती. तर हे तुला लिहून बघते. इथे जमलं तर तिथे जमेल.

नाताळनंतर यतीन जेवेनासा झाला. ऑफिसात तो इमारतींचे नकाशे काढायचा, आणि एक दिवस मला म्हणाला, "मम्मी, सरळ रेघ मारायला मला दुपार लागते." मी म्हटलं, "थकलायस. प्रार्थना कर, लवकर झोप." तू मात्र ऐकलंस. तू त्याला विचारलंस, तो तुझ्याजवळ रडला, आणि तू परळच्याच दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस. सोमवार, २१ फेब्रुवारी. केसपेपर करून आणलास आणि फ्रिजवर लोहचुंबकाने लावलास. तो जायला तयार होता. हे मला लिहायलाच हवं, कारण मी मनात तीन वर्षं उलटं घोकलं आहे. तो तयार होता.

रविवारी मी उपदेश केला. माणसांच्या तोंडाला भिऊ नका. तो तिसऱ्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर माझी पिशवी हातात घेत म्हणाला, "मम्मी, छान बोललीस आज."

आणि त्याच संध्याकाळी मी फ्रिजवरचा केसपेपर काढला.

तुला कारण माहीत आहे, पण मला ते माझ्या तोंडाने सांगायचं आहे. आपल्या मंडळीतल्या निम्म्या बायका त्या दवाखान्यात सिस्टर आहेत किंवा होत्या. आज्यांपासून चालत आलेलं आपलं काम ते, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! बाळंतपण असो, ऑपरेशन असो, आपलं माणूस आत असतंच. आणि त्याच अभिमानाच्या पायरीवर मला घाम फुटला. मी त्याला म्हटलं, "त्या ओपीडीच्या बाकावर बसशील आणि मंगळवारपर्यंत अख्ख्या मंडळीत बोभाटा होईल. बेबीताईंच्या मुलाला वेड लागलं. आपण लांबचा डॉक्टर बघू. ठाण्याला बघू. पुढच्या आठवड्यात."

तो म्हणाला, "मम्मी, मला लाज नाही वाटत. तुला वाटते का?"

मी उत्तर दिलं नाही. तू दिलंस. तू ओरडलीस, भांडी आपटलीस, मला ढोंगी म्हणालीस. शेजारी ऐकतील म्हणून मी खिडकी लावली. सुरुची, मी उठून खिडकी लावली! आणि तुला म्हटलं, "दोन दिवस माहेरी जा, घरात शांतता होऊ दे." तू जात नव्हतीस. यतीनच म्हणाला, "जा तू, मी ठीक आहे, जुईलाही घेऊन जा."

सोमवारी तो घरी होता. मी त्याला पेज करून दिली. दोन घास खाल्ले. मी पुढच्या रविवारची टिपणं काढत बसले. मंगळवारी सकाळी तो नव्हता.

डॉक्टर भेटले असते तर तो वाचला असता का? मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण डॉक्टर भेटले असते.

रविवारी हे सगळं सांगीन. अर्धं नाही.

मम्मी


परळ,
सोमवार, २४ फेब्रुवारी

सुरुची,

काल तू आली नाहीस. पुढचा बाक शेवटपर्यंत रिकामा होता. बरं झालं. तुला बघितलं असतं तर मी तुझ्यासाठी बोलले असते, आणि माझं बोलणं पुन्हा एक भाषण झालं असतं.

टिपणं नेली नव्हती. शास्त्रातली एकच जागा वाचली, जिच्यावरून मी तीस वर्षं भरभर पुढे गेले होते. येशू एका घरात बसलेला आहे, गर्दी इतकी की जेवायला उसंत नाही, आणि गावात लोक म्हणू लागलेत, ह्याला वेड लागलंय. ते ऐकून त्याच्या घरची माणसं त्याला धरून न्यायला येतात. त्यांच्यात त्याची आईही आहे. मरिया. ती आत येत नाही. दाराबाहेर उभी राहून निरोप पाठवते.

मी म्हटलं, आपण ह्या आईला सगळ्या चित्रांत बघितलं आहे, ह्या दारात कधी बघितलं नाही. मी बघितलं आहे, कारण मी तिथे उभी होते. माझा मुलगा आजारी होता. त्याला डॉक्टरकडे जायचं होतं. माझ्या सुनेने वेळ घेतली होती. तुम्ही काय म्हणाल म्हणून मी त्याला जाऊ दिलं नाही. दोन दिवसांनी त्याने स्वतःचा जीव घेतला. तुम्ही काय म्हणाल म्हणून मी हार्ट सांगितलं. त्या रात्री सुरुची माहेरी होती, कारण मी तिला पाठवलं होतं. मग तुम्ही तिला बोललात, आणि तुम्ही मला काय म्हणाल म्हणून मी तुम्हाला बोलू दिलं.

एवढंच. पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा उपदेश.

कुणी रडलं नाही. देवळात असं घडलं की लोक रडतात, पुढे येतात, असं आपण पुस्तिकांत वाचतो. काल फक्त पंख्यांचा आवाज होता. मग सुंदराबाई उठल्या. पर्स काखेत मारली आणि मधल्या वाटेवरच थांबल्या.

"बेबीताई, घरचं धुणं घरी धुवावं. देवाच्या दारात कशाला?"

"डाग इथेच पडले, सुंदराबाई," मी म्हटलं.

"म्हणजे आम्ही पाडले? आम्ही तुमच्याच तोंडचं ऐकलं ना?"

"हो. माझ्याच तोंडचं ऐकलंत. म्हणून आजही माझ्याच तोंडचं ऐका, आणि नीलला घरी जाऊन सांगा."

त्या गेल्या. त्यांच्यामागे आणखी दहाबारा जण गेले. साठ वर्षं ज्या क्षणाला भीत होते तो आला, समोर उभा राहिला, आणि दाराबाहेर गेला. नंतर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, ते झालं नाही. फक्त यतीन नाही, एवढंच उरलं. खोट्याच्या गडबडीत त्याचं नसणं मला आजवर नीट भेटलंच नव्हतं.

बाहेर चहाच्या टेबलाशी माझ्या आजूबाजूला मोकळी जागा पडली होती. तिथे रश्मी आली. तू तिला ओळखतेस, दवाखान्यातली सिस्टर, उंच, कमी बोलणारी. कप तिने हातातच धरला होता, पीत नव्हती.

"ताई, त्या सोमवारी मी ओपीडीत ड्युटीवर होते."

मी माझा कप टेबलावर ठेवला.

"सकाळीच यादीत नाव बघितलं. म्हटलं, बरं झालं, येतोय. आत कोपऱ्यात एक खुर्ची आहे, कपाटाच्या आड. ती रिकामी ठेवली होती त्याच्यासाठी, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. नाव तीनदा पुकारलं. मग शिपायाला बाहेर पाठवलं, कधी कधी माणसं पायरीवर बसून राहतात. नव्हता."

"तू कुणाला..."

"कुणालाच नाही. घरीसुद्धा नाही. ते आमचं काम असतं, ताई." मग ती म्हणाली, "मंगळवारी तुम्ही हार्ट म्हणालात तेव्हा मी समजले. पण सुरुचीला लोक बोलत होते तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. पेशंटचं नाव न घेताही एवढं म्हणता आलं असतं, की पुरे करा. नाही म्हणाले. मलाही भीती वाटली."

सुरुची, मी ज्या तोंडांना भ्याले त्यांतलं एक तोंड हे होतं. त्याने तीन वर्षं एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही, आणि माझ्या मुलासाठी आडोशाची खुर्ची ठेवली होती. माझ्या भीतीला रश्मीचा चेहरा माहीतच नव्हता. भीतीला कुणाचाच चेहरा माहीत नसतो, ती सगळ्यांना एकच तोंड लावते.

शिवडीला आम्ही तिघंच गेलो. मी, रश्मी आणि पाळकसाहेब. मला वाटलं नव्हतं ते येतील. कबरीशी प्रार्थना करताना त्यांनी यतीनच्या आजाराचं नाव घेतलं, मोठ्याने, आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यात तो 'बहुतेक' नव्हता.

मरिया पुढे क्रुसाखाली उभी राहिली. लोक तिच्या मुलाला हसत होते, थुंकत होते, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी तिथे उभी होती. दारापासून त्या टेकडीपर्यंत ती कशी पोचली ते शास्त्रात लिहिलेलं नाही. वाट आहे एवढंच मला कळलं. माझा मुलगा गेल्यावर कळलं, हे माझं दुःख. पण तुला आता लिहिते, कारण तुझी मुलगी समोर आहे. लोक बोलतील. खरं सांगितलं म्हणूनही बोलतील. त्यांच्या बोलण्याने आपण मरत नाही. त्या बोलण्याला भिऊन आपण जे करतो, त्याने माणसं मरतात.

माफ कर असं मी म्हणत नाही. ते तू ठरवायचं आहेस, आणि सवडीने ठरव.

बेबी


परळ,
शनिवार, १५ मार्च

प्रिय जुई,

तुझ्या आईने मला निरोप पाठवला, "तिला तुम्हीच लिहा, मी शेजारी बसून वाचून दाखवीन." म्हणून हे पत्र. न कळलेलं आईला विचार. तिला माझ्यापेक्षा सगळं जास्त माहीत आहे.

तुझ्या आईने तुझ्या बाबाला मारलं नाही. हे आधी दोनदा वाच.

तुझा बाबा आजारी होता. ताप येतो तसा नाही, मनाचा आजार. त्या आजारात माणसाला वाटतं की आपण कुणालाच नको आहोत. ते खोटं असतं, पण त्याला खरं वाटतं. त्या आजारात त्याने स्वतःचा जीव घेतला. तुझ्यावर रागावला म्हणून नाही. तू काही केलंस म्हणून तर मुळीच नाही. त्याच्या ऑफिसच्या कागदांत मागच्या बाजूला तू काढलेल्या मांजरी होत्या, त्याने त्या टाकल्या नव्हत्या.

असे डॉक्टर असतात जे हा आजार बरा करायला मदत करतात. तुझी आई त्याला तिथे नेणार होती. मी नेऊ दिलं नाही. लोक हसतील अशी मला भीती वाटली. मग मी सगळ्यांना खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यामुळे लोक तुझ्या आईला वाईट बोलले. तरी तिने माझं खोटं कुणाला सांगितलं नाही. वर्गात नीलने जे सांगितलं, ते माझ्या खोट्यातून आलं होतं. त्याच्यावर राग धरू नकोस. माझ्यावर धरलास तर चालेल.

तुला कधी मनातून खूप उदास वाटलं, तर आईला सांग. कुणी हसलं तरी सांग. येशू म्हणतो, तुझ्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. ज्याने ते मोजले त्याला तुझी लाज वाटत नाही. त्याला तुझ्या बाबाचीही लाज वाटली नाही. मला वाटली. हे मी जन्मभर लक्षात ठेवीन.

आणि शाळेत पुन्हा कुणी विचारलं, तुझा बाबा कसा गेला, तर रडू नकोस आणि पळूही नकोस. त्याला माझा पत्ता दे. म्हणावं, माझी आजी परळला राहते, दुसरा मजला, जिन्यासमोरचं दार. जा आणि तिला विचार. ती सांगेल.

तुझी,
आजी